जोनची सही

गेल्या महिन्यात भाचा चार दिवस राहायला आला होता. आमच्या घराण्यातला हा एकमेव सिनेमावेडा, हे नातेवाइकांना सांगायला नकोच. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, "मावशी, आज तुला एक मूकपट दाखवतो." मला वाटलं, चार्ली चॅप्लिन असेल. म्हणून बडीशेपेची डबी घेऊन आरामात टेकून बसले, तर निघाली 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'. १९२८ सालची, डेन्मार्कच्या कार्ल ड्रायरने फ्रान्समध्ये काढलेली. डबी तशीच हातात राहिली.

जोन मला नवी नव्हती. इतिहासाच्या तासाला इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धाचा विषय निघाला, की मी तिला दोन वाक्यांत उरकत असे. खेड्यातली मुलगी, देवाचे आवाज ऐकू येतात म्हणाली, पुरुषी वेश घालून सैन्याबरोबर गेली, पकडली गेली, ३० मे १४३१ रोजी रुआँ गावात तिला जिवंत जाळलं. पुढे १४५६ साली तो निकाल रद्द झाला आणि १९२० साली तिला संतपद मिळालं. झालं, पुढचा धडा काढा! ती तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती, म्हणजे माझ्या समोर बसणाऱ्या मुलींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, हे मी कधी वर्गात म्हटलं होतं का? आठवत नाही.

आपल्याकडे सिनेमातला संत म्हणजे विष्णुपंत पागनीस. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. माझ्या आईने तो किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. त्यात गाथा पाण्यावर तरून वर येते, शेवटी वैकुंठाचं विमान उतरतं. देव वेळेवर हजर होतो. त्या सवयीने मीही वाट पाहत होते, की आता काहीतरी होईल. ड्रायरच्या सिनेमात काहीच होत नाही. कोठडीच्या खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर क्रुसासारखी पडते आणि जोनच्या चेहऱ्यावर थोडा आनंद उमटतो, एवढाच काय तो चमत्कार. तेवढ्यात एक पाद्री आत येतो आणि ती सावलीही झाकली जाते.

बाकी सगळे चेहरे. तासभर नुसते चेहरे, अगदी जवळून. नटांना रंग लावलेला नाही. म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या सुरकुत्या, चामखिळी, ओठांवरची थुंकी, सगळं दिसतं. भाचा म्हणाला, या सिनेमासाठी भलाथोरला किल्ला बांधला होता, खूप खर्च झाला होता आणि पडद्यावर तो जवळजवळ दिसतच नाही. मला ते फार आवडलं. आपल्याकडे एवढा खर्च केला असता, तर तीन गाणी त्याच किल्ल्यावर झाली असती! जोनचं काम फाल्कोनेत्ती नावाच्या रंगभूमीवरच्या नटीने केलं आहे. शेवटी तिचे केस कापतात ते खरोखरच कापले आहेत. तिच्या डोळ्यांबद्दल मी लिहिणार नाही, ते बघावेच लागतात.

या सिनेमाची स्वतःची कथाही जळितकांडाचीच आहे. मूळ निगेटिव्ह १९२८ मध्येच बर्लिनला आगीत गेली. ड्रायरने उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा सिनेमा जुळवला, ती प्रतही आगीत गेली. १९६८ साली तो वारला, तेव्हा मूळ सिनेमा कायमचा गेला असंच सगळे धरून होते. आणि १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात त्याची चांगली प्रत सापडली. आवाज ऐकू येतात म्हणणाऱ्या मुलीचा सिनेमा सापडावा तो कुठे, तर वेड्यांच्या इस्पितळात! असो.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्या प्रसंगाकडे येते. (दोन आठवडे टाळते आहे.)

सिनेमातले सगळे न्यायाधीश दुष्ट नाहीत. ओरडणारे आहेत, पण गोड बोलणारेही आहेत. एकजण तर राजाचं खोटं पत्र दाखवून तिचा मित्र होतो. जोनला स्मशानात नेतात. समोर उघडी कबर आहे. जाळायची भीती आहेच, शिवाय ती तापाने थकलेली आहे. आजूबाजूचे सगळे सांगतात, सही कर, म्हणजे सुटशील. काहीजणांच्या चेहऱ्यावर खरीच कळकळ आहे. तिला लिहिता येत नाही. एक हात तिचा हात धरतो आणि कागदावर फिरवतो.

तिथे मी भाच्याला म्हटलं, "जरा थांबव रे." त्याला वाटलं, मला पाणी हवंय.

१९८० नंतरची तीन-चार वर्षं असतील. शाळेचं नाव सांगत नाही, मुलीचंही नाही. नववीच्या सहामाहीत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. ती म्हणाली, माझी नाही. अक्षरावरून काही ठरेना. मग आम्ही चार शिक्षक आणि ती, असे ऑफिसात बसलो. दुपारी दोनपासून साडेचारपर्यंत. तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून. एक सर टेबलावर हात आपटत होते. मी हात आपटला नाही. मी तिला पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाळ, लिहून दे ना एकदा, म्हणजे संपेल सगळं. वडिलांना बोलवायला नको." तिने माझ्याकडे पाहिलं. हात आपटणाऱ्या सरांना जी गोष्ट अडीच तासांत जमली नव्हती ती माझ्या दोन वाक्यांनी झाली. माफीनाम्यासाठी पेन माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या आधी ती स्टाफरूमच्या दारात उभी. "बाई, काल मी खोटं लिहून दिलं. मला भीती वाटली म्हणून. तो कागद परत द्या."

कागद परत मिळाला नाही. माफी मागितल्यामुळे आम्ही तिला नुसती समज देऊन सोडणार होतो. आता शब्द फिरवला म्हणून त्या पेपरात शून्य दिलं आणि वडिलांनाही बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाले, मुलगी कोडगी आहे. मी गप्प बसले. चिठ्ठी तिची होती की नव्हती, हे कधी कळलंच नाही. पुढे एप्रिलमध्ये तिने शाळा सोडली. वडिलांची बदली झाली असं दाखल्यावर होतं.

जोननेही हेच केलं. २४ मेला तिने सही केली. शिक्षा जन्मभर तुरुंगाची झाली, म्हणजे जीव वाचला होता. चार दिवसांत तिने सांगितलं, की आगीच्या भीतीने मी ते बोलले. ३० मेला जाळली. ड्रायरने हा बदल कसा दाखवलाय! तिने कोठडीत गवताच्या काड्यांचा एक मुकुट विणलेला असतो, शिपायांनी त्यावरून तिची टिंगलही केलेली असते. सहीनंतर तिचे केस कापले जातात आणि झाडणारा माणूस केस झाडताना तो मुकुटही कचऱ्याबरोबर लोटतो. ते पाहून ती ओरडते, न्यायाधीशांना परत बोलवा. ना भाषण, ना आकाशवाणी. झाडूने काम केलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून घुम्यासारखी होते, म्हणून भाच्याने उपाय म्हणून आणखी एक जोन लावली! ही रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाची, १९६२ ची, जेमतेम पासष्ट मिनिटांची. ब्रेसाँला ड्रायरचा तो सिनेमा मुळीच पटला नव्हता. त्यातले चेहऱ्यांचे आविर्भाव त्याला विदूषकी वाटले. त्याच्या सिनेमात नट नसतातच. साधी माणसं घ्यायची, त्यांना तो 'मॉडेल' म्हणे आणि एकच वाक्य त्यांच्याकडून इतक्या वेळा म्हणून घ्यायचं की त्यातला सगळा अभिनय गळून पडेल. जोन झाली आहे फ्लोरान्स दले नावाची विशीतली मुलगी, ती पुढे लेखिका झाली आणि २००० साली फ्रेंच अकादमीवर निवडून गेली.

खरं सांगते, पहिली वीस मिनिटं मला कंटाळा आला. पाढे म्हटल्यासारखे प्रश्न आणि उत्तरं. खटल्याच्या नोंदी शिल्लक आहेत, त्यातलेच शब्द दोघांनीही घेतले आहेत. पण इथे रडणं नाही, जोन खाली बघते, मग वर बघून उत्तर देते आणि पुन्हा खाली बघते. देवाची कृपा तुझ्यावर आहे का, हा प्रश्न येतो. हो म्हटलं तर उद्धटपणा आणि नाही म्हटलं तर कबुली. ती म्हणते, नसेल तर देवाने ती करावी, असेल तर तशीच ठेवावी. लिहिता न येणारी मुलगी हे बोलते आणि ब्रेसाँची जोन तर हे अशा सुरात सांगते, की जणू विहिरीला पाणी किती आहे हे कोणी विचारलं होतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दारात उभी राहिलेली ती मुलगी अशीच बोलली होती. रडली आदल्या दिवशी. त्या सकाळी तिचा आवाज अगदी सपाट होता. आम्हाला तोच कोडगेपणा वाटला.

आपण हुतात्मा म्हणतो, तेव्हा त्या शब्दात आहुती आहे, अग्नी आहे. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले, १८६२ साली संत झाले. माझी वसईची एक मैत्रीण त्यांच्याविषयी शेजारच्या काकांविषयी बोलावं तसं बोलायची. तिनेच मला सांगितलं होतं, की ख्रिस्ती लोक ज्याला 'मार्टर' म्हणतात त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नुसता साक्षीदार असा आहे. जे पाहिलं, ऐकलं ते सांगणारा. मरणं नंतर आलं. तेव्हा मी मान डोलावली होती, माहिती म्हणून.

ब्रेसाँचा शेवट. जोन अनवाणी पायांनी भरभर, छोटी छोटी पावलं टाकत चितेकडे जाते, कारण अंगावरच्या लांब झग्यात पाय अडकतात. बाजूला एक कुत्रा उगाच बघत उभा आहे. ड्रायरकडे गर्दी खवळते, मारामारी होते, आकाशात पक्षी उडतात, आईच्या छातीशी दूध पिणारं बाळ दिसतं. ब्रेसाँकडेही कबुतरं आहेत, पण एका कापडी छताच्या वर, आपल्याला दिसतात त्या फक्त त्यांच्या सावल्या. मग धूर. धूर विरतो, तेव्हा काळा पडलेला खांब उभा असतो आणि रिकाम्या साखळ्या. संपला सिनेमा.

भाच्याने विचारलं, कोणता आवडला? मी म्हटलं, पहिल्याने रडवलं, दुसऱ्याने रडू दिलं नाही. तो हसला. त्याला मी हे सगळं सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल.

एक मात्र त्याला सांगितलं, की ब्रेसाँच्या सिनेमाची सुरुवात मला सगळ्यांत जास्त आठवते. जोनला जाळून चोवीस वर्षं झाली आहेत. तिची आई काळ्या कपड्यांत, दोघांच्या आधाराने, नोत्रदामच्या देवळात चालत येते. आपल्याला तिची पाठ दिसते. हातात कागद आहे. माझ्या मुलीचा खटला पुन्हा चालवा, असा अर्ज आहे तो. ती तो वाचून दाखवते.

त्या मुलीचे वडील आले होते तेव्हा ऑफिसात त्यांना खुर्ची दिली होती की नाही, हे मी सारखं आठवून बघते आहे.