मरियाना गावची शाळा

बालमित्रांनो, शाळेला कधी दांडी मारलीय? खरं सांगा, मी रागावणार नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या मरियाना गावी १९०० साली मुलांची सुधारशाळा निघाली. चोरी करणारी मुलं तिथे होतीच, पण घरातून पळालेली, वारंवार दांडी मारणारीही होती! काळ्या-गोऱ्यांच्या जागासुद्धा १९६८ पर्यंत वेगळ्या.

आवारात एक बुटकी इमारत होती. मुलं तिला 'व्हाइट हाउस' म्हणत. तिथे चामड्याच्या पट्ट्याने मारत. सुधारशाळा म्हणे! मार खाल्लेली मुलं म्हातारी झाली, तेव्हा कुठे मोठ्याने बोलली. २०११ साली शाळा बंद पडली.

दफनभूमीत नळ्यांचे ३१ क्रूस होते. विद्यापीठाच्या लोकांनी खोदलं, तर कबरी निघाल्या ५५! काही झुडपांत, रस्त्याखाली, तुतीच्या झाडाखाली.

१९४० साली इथे आलेल्या एका १४ वर्षांच्या मुलाची हाडं २०१४ साली ओळखली गेली. त्याची बहीण तोवर पार म्हातारी झाली होती. तिने भावाला आईवडिलांशेजारी पुरलं.