विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. असल्या बिऱ्हाडात स्वतः राहण्याचा योग मात्र २०२४ च्या मे महिन्यात आला, आणि तोही पुण्यापासून हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या युटा राज्यात. बिऱ्हाड पाठीवर घेणे फारसे अवघड नसते. ते पाठीवर नीट बसले आहे की नाही, हे रोज सकाळी पाहणे अवघड असते. विंचवाला हे ठाऊक असावे, मला नव्हते.

माझा चुलतभाऊ दादा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. जन्म सांगलीचा, हयात अमेरिकेत इंजिनियरकीत गेलेली. निवृत्त झाल्यावर त्याने एक पिकअप ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर एक कँपर बसवून घेतला. कँपर म्हणजे दीड खोलीचे घर. त्यात शेगडी, मोरी, बसायला बाक आणि ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला पलंग. खरी गंमत आहे ती छताची. मुक्कामाला पोचले की आत उभे राहून छत वर ढकलायचे. ते दीड-दोन फूट उचलले जाते आणि छत नि भिंत यांच्यामध्ये जाड मेणकापडाची भिंत उभी राहते. माणूस ताठ उभा राहू शकतो. निघताना छत पुन्हा खाली. गाडी बुटकी झाली की वारा कमी अडतो आणि पेट्रोलही वाचते.

“छत चढवायला कुणीही चालतं,” दादा पहिल्याच दिवशी म्हणाला. “उतरवायला मात्र शहाणा माणूस लागतो.”

इतकी वर्षे तो शहाणा माणूस म्हणजे वहिनी होत्या. दादा आत, वहिनी बाहेर, असा त्यांचा रिवाज. परंतु त्यांच्या गुडघ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून बाहेरचे पद माझ्याकडे आले. मीही ते प्राध्यापकी ऐटीत स्वीकारले.

त्या पदाची कामे अशी. आधी ओट्यावरची किटली आणि उंच बरण्या खाली ठेवायच्या, नाहीतर छत त्यांच्यावर येऊन बसते. गॅसची टाकी बंद करायची. पलंगाचा पुढे ओढलेला भाग आत सरकवायचा. मग कँपरचे दार आणि छताचा झरोका उघडायचा. “निघायचं तर उघडायचं कशाला?” असे मी विचारले, तेव्हा दादा हसला. छत खाली येते तेव्हा आतल्या हवेला वाट लागते. ती मिळाली नाही, तर मेणकापड फुग्यासारखे बाहेर फुगते आणि छताच्या कडेखाली चिमटते. चिमटलेले कापड फाटते, आणि पुढच्या पावसात अंथरुणावर धार लागते. म्हणून आतला माणूस छताची एक बाजू, मग दुसरी, हळूहळू खाली ओढतो आणि बाहेरचा माणूस भोवती फिरून कापड आत सारतो. छत टेकले की आतल्याने वाकून झरोका लावायचा. शेवटी बाहेरून सहा खिट्या. पुढच्या दोन इतक्या उंचावर, की शिडीवाचून हात पोचत नाही.

सगळे झाले की दादा चाकावर बसून विचारी, “सहा?” आणि बाहेरच्याने उत्तर द्यायचे, “सहा!” लग्नातल्या सप्तपदीसारखे हे दोघांत रोज चाले. पहिले चार दिवस मीही चोख उत्तर दिले. पाचव्या दिवशी आम्ही गूजनेक्सला होतो.

गूजनेक्स म्हणजे हंसाच्या माना. सान हुआन नदीने इथे खडक कापीत असे वळसे घेतले आहेत, की दीड मैल पुढे सरकायला ती सहा मैलांहून अधिक वाट चालते. आपण कड्यावर उभे असतो आणि नदी सुमारे हजार फूट खाली, शाळेच्या नकाशावर निळ्या पेन्सिलीने काढल्यासारखी. झाड नाही, आडोसा नाही. कड्याजवळच गाडी उभी करून रात्र काढता येते. रात्री एवढे तारे दिसले, की वहिनींनी गुडघ्याचे दुखणे विसरून तासभर खुर्ची सोडली नाही.

पहाटे वारा सुटला. माळरानावरचा वारा आपल्यालाही ठाऊक आहे. हा मात्र थांबायचे नावच घेईना. कापड आत सारता सारता बोटे गारठली. एका बाजूने सारावे, तर दुसऱ्या बाजूने ते जीभ काढून दाखवी. कसेबसे छत बसले. पाच खिट्या लावल्या. सहावी पुढची, डावीकडची. शिडी गाडीच्या पलीकडे राहिली होती. खालून पाहिले, तर खिटी जागेवर असल्यासारखी दिसत होती.

“सहा?” दादाने विचारले.

“सहा!” मी म्हणालो.

मागच्या सीटवर बसून दार ओढले आणि हात चोळू लागलो. चारेक मैलांचा तो फाटा आम्ही सावकाश ओलांडला. वाऱ्याच्या झोतासरशी वरून एक आवाज येऊ लागला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दादाला वाटले, आतली किटली असेल. मला काय वाटले, ते मला ठाऊक होते. वाचकहो, तोंडाशी आलेला शब्द मी दोन वेळा गिळला. चाळिशी उलटलेल्या माणसाला, तेही वहिनींच्या देखत, आपण खोटे बोललो असे सांगणे फार जड जाते. पुढे मोठा रस्ता दिसू लागला. तिथून मेक्सिकन हॅट गाव आणि पुढे मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाणारी सरळ वाट. दादा आता वेग घेणार.

“दादा, थांब,” मी म्हणालो. “सहावी मी पाहिली नाही.”

दादाने गाडी कडेला घेतली. एक अक्षर बोलला नाही. शिडी लावून स्वतः वर चढला. खिटी लोंबत होती, छताचा कोपरा बोटभर उचलला होता आणि कापडाची कड बाहेर येऊन फडफडत होती. त्याने कापड सारले, छत दाबले, खिटी लावली आणि खाली उतरून शांतपणे मला गणित सांगितले. ताशी शंभर किलोमीटर वेगाने वारा आला, तर ढोबळ हिशेबाने चौरस मीटरला ४५ ते ५० किलोंचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला, तर रेटा चौपट. विमानाचा पंख ज्या न्यायाने उचलला जातो, त्याच न्यायाने छतालाही वर जावेसे वाटते. पुढच्या फटीत वारा शिरला की विचारायलाच नको. “आणि आपल्या मागे कुणाची तरी पोरंबाळं घेऊन गाडी येत असते,” तो म्हणाला. छत गेले असते तर दुःख झाले असते. पण या शेवटच्या वाक्याने माझ्या पोटात खड्डा पडला.

वहिनी तेवढ्यात म्हणाल्या, “भावजी, वेळेवर सांगितलंत, बरं केलंत. एकदा माझ्याकडूनही राहिली होती. मी सांगितलं नव्हतं, यांनाच दिसली.” दादाने चमकून त्यांच्याकडे पाहिले. बहुधा ही हकीकत त्यालाही अर्धीच ठाऊक असावी.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. नुसता आकडा सांगायचा नाही. प्रत्येक खिटीला हात लावायचा आणि हात लावलेला असतानाच मोठ्याने म्हणायचे, एक, दोन, तीन. मॉन्युमेंट व्हॅलीतले ते लाल पाषाणाचे प्रचंड मनोरे सूर्योदयात पेटले होते, त्यांच्याकडे पाठ करून मी शिडीवर उभा राहिलो आणि परवचा म्हटल्यासारखे सहापर्यंत मोजले. देखावा नंतर पाहिला. तो कुठे पळून जाणार होता?

“हो” हा आपल्या भाषेतला फार स्वस्त शब्द आहे. गॅस बंद केला? हो. कडी लावली? हो. पेपर तपासले? हो. मराठीचा मास्तर असून त्याची किंमत मला युटातल्या एका फाट्यावर कळली.

परवा आम्ही चार दिवसांसाठी कोकणात निघालो होतो. रिक्षा दारात उभी. बायकोने विचारले, “गॅस बंद केलात ना?” जीभ सवयीने उचलली गेलीच होती. पण मी चपला काढल्या, आत गेलो, सिलिंडरच्या कॉकला हात लावला, आणि तिथूनच मोठ्याने ओरडलो, “हो!”

रिक्षावाला आणि बायको, दोघेही माझ्याकडे पाहत राहिले.