परतलेल्यांची गणती

दख्खनच्या पठारावरील कित्येक जुन्या गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी संगमरवरी शिला आढळते. 1914 ते 1919 या काळातील महायुद्धास या गावातून इतके इसम गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. गेलेल्यांचा आकडा आहे, मेलेल्यांचाही आहे. परंतु जे परत आले त्यांचा आकडा वाचणाऱ्याने वजाबाकी करून काढावयाचा असतो. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातील कुत येथे 1915 च्या डिसेंबरपासून 1916 च्या एप्रिलअखेरपर्यंत वेढ्यात अडकून पडलेल्या मराठा पलटणींतील जे शिपाई उपासमारीतून, रोगराईतून आणि नंतरच्या कैदेतील वाळवंटी पायपिटीतून जिवंत उरले व एके दिवशी आपल्या ज्वारीच्या शेताच्या बांधावर येऊन उभे राहिले, ते पुढे कसे झोपले, कशाने दचकले, मुलांशी काय बोलले आणि काय बोलले नाहीत, याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही. त्याच 1915 साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने शरीरावर जखम नसताना दृष्टी, स्मृती, वास आणि चव हरपलेल्या शिपायांविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि ‘शेल शॉक’ हा शब्द जगाच्या तोंडी झाला. पण दख्खनच्या शिपायाच्या घरापर्यंत तो शब्दही आला नाही आणि त्यामागची विचारपूसही आली नाही.

ही शिला मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा त्या न कोरलेल्या तिसऱ्या आकड्याचा विचार मनातून जात नाही, कारण माझे गाव मिरजगाव असून तो तिसरा आकडा आमच्या गल्ल्यांतून चालतो-बोलतो आहे. नगर-सोलापूर रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पर्जन्यछायेतला मुलूख, पाऊस वेळेवर आला तर ज्वारी, नाहीतर चाऱ्याची चिंता. त्यामुळे अंगापिंडाने धड असलेल्या पोराने पहाटे रस्त्याच्या कडेने धावण्याचा सराव करावा आणि भरतीला उभे राहावे, ही या तालुक्यातील कुणबिकीइतकीच रुळलेली वहिवाट झाली आहे. नगर शहर, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, तेथे चिलखती दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे अशी दोन मोठी प्रशिक्षण केंद्रे असल्यामुळे फौज ही आम्हांला दूरची गोष्ट वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील सेनिओ नदीकाठी 9 एप्रिल 1945 रोजी जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव याच नगर जिल्ह्यातले.

सैन्यातून निवृत्त होऊन आलेला माणूस, मग तो शिपाई असो वा हवालदार, आमच्याकडे ‘मेजर’ होतो. या संबोधनात खरा आदर आहे आणि तो मला प्रिय आहे. प्रजासत्ताकदिनी शाळेत मेजरांना पुढच्या रांगेत बसवतात, नारळ-शाल देतात, पोरांना त्यांच्यासारखे व्हा म्हणून सांगतात. मात्र सत्कार हा नेहमी धैर्याचा होतो; त्या धैर्याची किंमत ज्या रात्री माणूस एकटा फेडत असतो, त्या रात्रींविषयी समारंभात काय, घरातही कोणी बोलत नाही.

माझ्या ओळखीचे असेच एक गृहस्थ शांतिसेनेतून श्रीलंकेला जाऊन आलेले आहेत. 1987 ते 1990 या तीन वर्षांत तिकडे गेलेल्या आपल्या सैनिकांना धड युद्ध नव्हे आणि धड शांतताही नव्हे अशा मुलखात, पायाखालच्या रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांच्या भयात दिवस काढावे लागले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तेथे 25 नोव्हेंबर 1987 रोजी वीरमरण आले व मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, ते योग्यच झाले; पण परत आलेल्या हजारोंच्या वाट्याला ना विजयाचा जल्लोष आला, ना पराभवाचा सामुदायिक शोक. आमचे हे मेजर शेती नीट करतात, देणे-घेणे चोख ठेवतात, गावच्या भांडणात पडत नाहीत. उन्हाळा लागला, विहिरींची कामे निघाली आणि कातळ फोडण्यासाठी शिवारात बार उडू लागले, की मात्र ते काही निमित्त काढून पाहुण्यांकडे निघून जातात. हमरस्त्यावर ट्रकचे टायर फुटले तर हातातला चहा सांडतो, आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत मिरजगाव नसते. लोक म्हणतात, मेजर तापट आहेत. कोणी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. कोणी सरळ दारूवर बोट ठेवतात. त्यांच्या पत्नीने एकदा मला सांगितले ते असे : “रातच्याला उठून बसत्यात, दार उघडून रस्त्याला जात्यात. मी काही बोलत न्हाई, नुसती मागं मागं चालती.” इतकी वर्षे हे बाई करीत आल्या आहेत आणि त्याचे नाव कोणत्याही दाखल्यावर नाही.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेला स्वतंत्र आजार म्हणून आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले ते 1980 साली, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी चिकाटीने झगडल्यानंतर. जिवावरच्या प्रसंगात मेंदू शरीराला जो धोक्याचा इशारा देतो, तो प्रसंग संपल्यावर थांबावयास हवा. तो थांबत नाही, गेलेला क्षण आठवण होऊन मागे पडण्याऐवजी वर्तमान होऊन पुन्हा पुन्हा समोर येतो, झोप विरळ होते, ज्या जागा आणि जे आवाज त्या क्षणाची वाट दाखवितात ते माणूस टाळू लागतो, आणि जवळच्या माणसांविषयीची मायाही आतल्या आत गोठल्यासारखी होते. हे महिनोन् महिने, कधी अनेक वर्षे चालते. यात भित्रेपणा नाही आणि करणीबाधाही नाही. त्यावर औषधे आहेत, आणि त्याहून महत्त्वाची अशी, प्रशिक्षित माणसाबरोबर टप्प्याटप्प्याने त्या आठवणीला सामोरे जाण्याची उपचारपद्धती आहे. येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते : बोलते करणे म्हणजे खोदून विचारणे नव्हे. कट्ट्यावर बसून ‘मेजर, किती मारले?’ असे विचारणाऱ्यांना आपण काय विचारीत आहोत याची कल्पना नसते. त्या एका प्रश्नाने माणूस पुढचे कित्येक दिवस कट्ट्याकडे फिरकत नाही, हे मी पाहिले आहे.

आपल्या इतिहासाला ही वेदना अपरिचित नाही. ती ओळखण्याची नजर आपल्याला नव्हती, इतकेच. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपत झाले, तेव्हा नाना फडणीस एकोणीस वर्षेही पुरी न झालेले तरुण होते. त्या पळापळीत ते आईला अंतरले आणि स्वतः हालअपेष्टा सोशीत, जीव वाचवून दक्षिणेत आले. पुढे त्यांनी लिहिलेल्या छोट्याशा आत्मचरित्रात बाळपणाबरोबर मुख्यतः आहे ते हेच पानिपत. ज्या पुरुषाने नंतर दीर्घकाळ मराठी राज्याचा कारभार पाहिला, त्याला स्वतःविषयी सांगण्याजोगे जे वाटले ते तारुण्यातल्या त्या एका संहारापाशी येऊन थांबते, याचा अर्थ इतिहासकार काय लावावयाचा तो लावोत. मला त्यात वाचलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. त्याच पानिपतात पती गमावलेल्या पार्वतीबाईंनी सदाशिवरावभाऊंचा मृत्यू अखेरपर्यंत, म्हणजे पुढे बावीस वर्षे, मानला नाही. आणि पानिपतातून वाचलेल्या त्याच नानांच्या आखणीने 11 मार्च 1795 रोजी निजामाशी जी लढाई झाली, ते खर्डे आमच्या पूर्वेला शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. पेशव्यांच्या दप्तरात लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणुका करून दिल्याच्या नोंदी सापडतात. त्या काळच्या राज्यकर्त्यांनी एवढी जाण ठेवली ही लहान गोष्ट नव्हे. अनाथ मूल मोजता येते, तुटलेला हातही दिसतो. झोप मात्र मोजणीत येत नाही, आणि जे मोजणीत येत नाही ते दप्तरी दाखल होत नाही, ही अडचण पेशवाईपासून आजतागायत चालत आलेली आहे.

आजच्या नियमातही अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी विकार ‘सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला अथवा बळावलेला’ असल्याचे ठरावे लागते. गोळीच्या जखमेबाबत हे सोपे. मनाच्या जखमेबाबत सैनिकाला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, अर्ज, स्मरणपत्रे, अपिले करावी लागतात, आणि दर वेळी आपले दुःख नव्याने शाबीत करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात असे ठरविले, की भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर कोणत्याही विकाराची नोंद नाही तो निकोप होता असे गृहीत धरावे, आणि पुढे आजार जडला तर तो सेवेमुळे नव्हे हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये. हा न्यायाचा निवाडा होता आणि त्यात माणुसकीही होती. परंतु निवाड्याचा लाभ ज्याला द्यावयाचा तो मनुष्य मुळात डॉक्टरापुढे बसला पाहिजे, आणि डोक्याच्या डॉक्टराकडे जाणे म्हणजे वेडा ठरणे, ही धास्ती आमच्या भागात शत्रूच्या धास्तीहून मोठी आहे.

ही गोष्ट एकट्या फौजींची नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीची घरे कोसळली, हजारो माणसे दगडमातीखाली गेली. शासनाने, संस्थांनी, परदेशी मदतीने घरे बांधली, 52 गावे नव्या जागी वसविली, आणि हे काम मोठेच झाले. परंतु जमीन थरथरल्याच्या भासाने रात्री अंगणात येऊन बसणाऱ्यांसाठी घरबांधणीच्या योजनेत रकाना नव्हता. आमच्याच कर्जत तालुक्यात, कोपर्डीत, 13 जुलै 2016 रोजी एका शाळकरी मुलीवर जे घडले, त्याने सारा महाराष्ट्र हादरला. लाखोंचे मूक मोर्चे निघाले, पुढच्या वर्षी नगरच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्या मोर्च्यांतला संताप सच्चा होता. तरीही, आसपासच्या गावांतल्या ज्या मुलींना त्यानंतर शाळेच्या रस्त्याने चालताना छातीत धडधड होऊ लागली, त्यांना जवळ बसवून कोणी विचारले का, या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. आपल्या समाजाला आघाताचा क्षण दिसतो आणि त्या क्षणी तो उदारही होतो. आघातानंतरची वर्षे सोसावी लागतात ती ज्याची त्याला.

महाभारतकारांची दृष्टी याहून निराळी होती, असे मला नेहमी वाटत आले आहे. अठरा पर्वांत सर्वांत विस्तृत पर्व कोणत्याही सेनापतीच्या नावाचे नाही. ते शांतिपर्व आहे, आणि त्याच्या आरंभी विजयी युधिष्ठिर राज्य नको म्हणून बसला आहे. आप्तांच्या वधाने त्याचे मन जळते आहे. भाऊ समजावितात, द्रौपदी बोलते, व्यास येतात, कृष्ण येतो, आणि अखेर त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे नेतात. जिंकलास ना, मग आता काय झाले, असे म्हणून कोणी त्याला सोडून जात नाही. लढाईनंतरच्या माणसाला पुन्हा संसारात आणावयास इतका वेळ, इतकी माणसे आणि इतके शब्द लागतात, हे त्या ग्रंथाने आपल्या रचनेनेच मान्य केले आहे.

म्हणून माझे मागणे आहे ते अगदी गावपातळीवरचे आहे. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमातील डॉक्टरांनी महिन्यातून एक ठरलेला वार मिरजगावच्या आरोग्य केंद्रात बसावे, आणि तो वार शक्यतो बाजाराचा असावा, म्हणजे आलेल्या माणसाला कोणी कशाला आलास असे विचारणार नाही. 14416 हा टेली-मानसचा दूरध्वनी क्रमांक, ज्यावर मराठीतही बोलता येते आणि ज्याचा सैनिकांसाठीचा खास कक्ष 2023 च्या डिसेंबरात पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला, तो ग्रामपंचायतीच्या फलकावर, पाणीपट्टीच्या सूचनेशेजारी, ठळक अक्षरांत लिहावा. शिवारात बार उडवावयाचे असतील तर आदल्या दिवशी मेजरांच्या घरी निरोप द्यावा. यास कोणताही शासननिर्णय लागत नाही. आणि येत्या 26 जानेवारीला सत्काराची यादी करताना, मागं मागं चालणाऱ्या त्या बाईंना पुढच्या रांगेत मेजरांच्या शेजारची खुर्ची द्यावी, असे मी शाळेच्या समितीला लेखी कळविले आहे.