सोवळ्यातले पेपर, ओवळ्यातले पेपर

सकाळी घरात पेपर आला की मुख्य अंक पुरुषांच्या हातात आणि पुरवणी आपल्याकडे, ही वाटणी कोणी ठरवली कोण जाणे, पण ती बहुतेक घरांत आहे. मला तिचे फारसे वाईट वाटत नाही. दुपारी भांडी आवरून झाली की अग्रलेखासकट सगळा पेपर माझाच असतो! पण दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये दोन महिने राहण्याचा योग आला, आणि तिथे पाहिले की ही वाटणी एका पेपरच्या आत नाही, अख्ख्या पेपरांचीच आहे. काही पेपर सोवळ्यातले, काही ओवळ्यातले.

झाले असे, की लेस्टरला आमच्या वन्संच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यातून सुट्टीचे दिवस, म्हणून मलाच पाठवले. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या गुजराती काकांच्या दुकानातून दूध आणि पेपर आणायचे काम माझ्याकडे होते. तिथली मांडणी मोठी पाहण्यासारखी. एका फळीवर टाइम्स, गार्डियन, डेली टेलिग्राफ आणि गुलाबी कागदावरचा फायनॅन्शियल टाइम्स. ही भारदस्त मंडळी. दुसऱ्या फळीवर सन, मिरर आणि स्टार, लाल पट्टीतले नाव आणि वीतभर मथळे. ह्या दोघांच्या मध्ये मेल आणि एक्स्प्रेस, ना धड इकडचे ना तिकडचे. गिऱ्हाईक दारातून आत आले की ते कोणता पेपर उचलणार हे काका आधीच सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरे ठरे.

आपल्याकडे पेपर भाषेप्रमाणे आणि जिल्ह्याप्रमाणे वेगळे. इंग्लंड पडला छोटा देश. लंडनला रात्री छापलेला पेपर आगगाडीने सकाळी दूरदूरच्या गावांत पोचू लागला आणि तिथे ‘राष्ट्रीय’ पेपर तयार झाले. मग वाचक वाटून घ्यायचे कसे? तर मिळकतीने आणि शिक्षणाने.

आमच्या वन्सं ओवळ्यातला पेपर वाचतात. नाव लिहीत नाही. त्या तिकडे गेल्या तेव्हा मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी होते, तेही विसरलेले. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरले आणि डब्याच्या सुट्टीत तिथे पडलेला पेपर चाळू लागल्या. मेहुण्यांचे मित्र घरी आले की मात्र तो पेपर कोचाच्या उशीखाली जाई. मी हसले तर म्हणाल्या, “हसू नकोस गं. ह्याच पेपरानं मला इंग्रजी शिकवलं. त्या मोठ्या पेपरातलं एक वाक्य संपेपर्यंत माझी पोळी करपते!”

मी स्वतः इंग्रजी शिकवते, म्हणून सांगते, वन्संचे म्हणणे खोटे नाही. दहा-बारा शब्दांचे वाक्य, एका परिच्छेदात एकच गोष्ट, आणि अर्थसंकल्पाची बातमी असली तरी ‘तुमच्या घरखर्चात किती फरक पडेल’ ह्या प्रश्नाने सुरुवात. असे लिहिणे सोपे नसते.

ह्या पेपरांना टॅब्लॉइड म्हणतात. हा शब्द मुळात औषधाचा, हे मला तिथेच कळले. बरोज वेलकम नावाच्या कंपनीने १८८४ साली आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदवून घेतले. मग जे जे आटवून छोटे केलेले, ते टॅब्लॉइड, आणि पुढे छोट्या आकाराचे पेपरही. आता तर आकारावरूनही सोवळे-ओवळे ओळखता येत नाही. टाइम्स २००४ मध्ये छोटा झाला, गार्डियन २०१८ मध्ये. टेलिग्राफ आणि तो गुलाबी एवढे दोन अजून हात पसरून वाचावे लागतात. आणि हाच भारदस्त टाइम्स १९६६ पर्यंत पहिल्या पानावर बातमीच छापत नसे, बरं का! तिथे जन्म-मृत्यू आणि ‘पाहिजेत’च्या छोट्या जाहिराती.

पण मला खरी गंमत वाटली ती ह्या ओवळ्या पेपरांच्या जन्माची. पूर्वी तिकडे पेपरवर सरकारी कर होता, म्हणून पेपर फक्त श्रीमंतांना परवडे. तो १८५५ मध्ये गेला. १८७० मध्ये शाळांचा कायदा झाला आणि साध्या घरांतली मुले-मुली वाचू लागली. ह्या नव्या वाचकांसाठी आल्फ्रेड हार्म्सवर्थ ह्या गृहस्थाने १८९६ मध्ये अर्ध्या पेनीत डेली मेल काढला, आणि त्यात बायकांसाठी मुद्दाम मजकूर ठेवला. पुढे १९०३ मध्ये त्याने डेली मिरर काढला तो तर बायकांनी बायकांसाठी चालवलेला पेपर म्हणूनच. संपादक मेरी हॉवर्थ. पहिल्या दिवशी अडीच लाखांहून जास्त अंक गेले, आणि दोन-तीन महिन्यांत खप पंचवीस हजारांवर घसरला. मग एक पुरुष संपादक नेमला, त्याने बायकांना घरी पाठवले आणि १९०४ मध्ये तो चित्रांचा पेपर झाला. त्या संपादकाने पुढे लिहून ठेवले आहे, की त्या बायकांना काढून टाकणे म्हणजे मांजरीची पिल्ले बुडवण्यासारखे वाटले! उपमा तरी काय सुचावी माणसाला.

तरी ही वाटणी इतकी पक्की का राहिली? वन्संच्या मुलाने मला ह्यातला व्यवहार समजावून दिला. मोठ्या पेपरचे वाचक थोडे, पण खिसा जड. त्यामुळे बँका, मोटारी, बड्या नोकऱ्या ह्यांच्या जाहिराती त्यांच्याकडे, आणि त्यावर त्यांचे भागते. छोट्या पेपरला लाखांनी खपावेच लागते, मग आरडाओरडा आलाच. डेली हेरल्ड हा कामगारांचा पेपर बारा लाखांहून जास्त खपत होता, टाइम्सच्या कितीतरी पट. पण त्याचे वाचक गरीब, म्हणून जाहिरातदार फिरकेनात आणि १९६४ मध्ये तो बंद झाला. त्याच्या जागी सन निघाला. १९६९ मध्ये रुपर्ट मरडॉक ह्यांनी तो घेतला आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या पानावर उघड्या बाईचे चित्र येऊ लागले. ते २०१५ पर्यंत छापील अंकात चालले. चव्वेचाळीस वर्षे! कामगारांच्या पेपरची ही गत.

म्हणजे वाटणी पैशाची आहे. ती खऱ्या-खोट्याची आहे असे मात्र मला वाटत नाही. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला चेंगराचेंगरी झाली. त्यात गेलेल्यांची संख्या शेवटी ९७ झाली. सनने चार दिवसांनी पहिल्या पानावर मेलेल्यांच्या सोबत्यांवरच चोरीचे खोटे आरोप छापले. लिव्हरपूलमध्ये आजही पुष्कळ दुकानदार तो पेपर ठेवत नाहीत. न्यूज ऑफ द वर्ल्डने तर खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकले. ते उघड झाल्यावर २०११ मध्ये तो १६८ वर्षांचा पेपर बंद करावा लागला. पण सोवळ्यातल्या संडे टाइम्सनेही १९८३ मध्ये हिटलरच्या बनावट रोजनिश्या खऱ्या म्हणून छापल्याच की. उलट १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स ह्या काळ्या तरुणाचा खून झाला, तेव्हा चार वर्षांनी पाच संशयितांची नावे पहिल्या पानावर छापून त्यांना खुनी म्हणण्याची हिंमत केली ती डेली मेलने. त्यांतल्या दोघांना २०१२ मध्ये शिक्षा झाली.

हे सगळे मी वन्संना सांगत होते त्याच आठवड्यात त्यांच्या लाडक्या पेपरात परदेशातून आलेल्या लोकांवर एक मथळा आला. ह्या लोकांमुळे शाळा भरल्या, दवाखाने भरले, असा सूर. वन्सं तेवीस वर्षे त्याच देशातल्या मुलांना जेवण वाढताहेत! त्यांनी आतल्या पानावरची फळांच्या केकची कृती कापून वहीत चिकटवली आणि उरलेला पेपर घडी करून बाजूला ठेवला. दिवसभर त्या फारशा बोलल्या नाहीत.

संध्याकाळी मी त्यांना मेरी स्टॉट ह्या बाईंची गोष्ट सांगितली. १९५७ पासून पंधरा वर्षे त्या गार्डियनचे बायकांचे पान सांभाळत होत्या. १९६० मध्ये मॉरीन निकोल ह्या गृहिणीने त्या पानाला पत्र लिहिले, की घरात अडकलेल्या पण डोके चालू ठेवू पाहणाऱ्या बायकांनी एकमेकींचे पत्ते ठेवावेत. त्या एका पत्रातून गृहिणींची देशभर पसरलेली संस्था उभी राहिली. दुसऱ्या वर्षी बेल ट्युटेव्ह ह्यांचे पत्र आले, बालवाड्या नाहीत, आयांनी मिळून काढाव्यात असे, आणि त्यातून हजारो खेळगट निघाले. आपल्या ह्या पानासारखेच पान होते ते. पाककृतींच्या शेजारचे.

वन्सं ऐकून म्हणाल्या, “मी लिहिलं तर छापतील का गं?”

“गार्डियनला?”

“छे! माझ्याच पेपरला. मथळा त्यांनी छापलाय ना?”

रात्री दोघींनी बसून पत्र लिहिले. व्याकरण मी पाहिले, पण वाक्ये त्यांचीच, दहा-बारा शब्दांची. किती मुलांना किती वर्षे वाढले, हे एवढेच.

ते छापून आले नाही. वन्सं तो पेपर अजून घेतात, पण फक्त शनिवारी, टीव्हीच्या कार्यक्रमांची यादी असते म्हणून. बाकीच्या दिवशी त्या पैशांची केळी आणतात असे परवा फोनवर म्हणत होत्या.