पावसातलं वेळास

वेळास म्हटलं की सगळ्यांना कासवं आठवतात. पण दोस्तांनो, या गावात कासवांचं काम सुरू झालं ते एका पक्ष्यामुळे! तो पक्षी बघायला आम्ही गेलो ते भर जुलैत. "पावसात कसले पक्षी बघताय?" असं घरी सगळ्यांचं विचारून झालं होतं.

वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात आहे. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. जवळच बाणकोटला सावित्री नदी समुद्राला मिळते. खाडीपलीकडे हरिहरेश्वर, म्हणजे रायगड जिल्हा.

पाखाडी उतरून पुळणीवर आलो तेव्हा धो धो कोसळत होता. दुर्बिणीच्या काचा पुसून पुसून रुमाल चिंब झाला आणि छत्र्यांचे तर वाऱ्याने केव्हाच कावळे केले! हिवाळ्यात इथे धावणारे चिखले आणि तुतारे आता घरटी करायला दूर उत्तरेकडे गेलेले. खडकावर दोन समुद्रबगळे मात्र अंग चोरून उभे होते. एक राखाडी, एक पांढरा. या दोन जाती नव्हेत बरं का, एकाच जातीत असे दोन रंग असतात.

गावातला आठवीतला एक मुलगा प्लॅस्टिकची खोळ पांघरून आमच्याबरोबर आला होता. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती, तरी त्यालाच आधी दिसलं. "काका, सुरूच्या शेंड्यावर!"

समुद्रगरुड! पांढरं शुभ्र डोकं आणि पोट, राखी पंख. भिजून बसला होता, अगदी आपल्यासारखाच कंटाळून. पाऊस जरा उघडल्यावर त्याने पंख पसरले. सहा-सात फूट तरी भरतील! लाटांवरून एक फेरी मारून तो खाडीकडे गेला. मासे आणि समुद्रसाप हे त्याचं खाणं. त्याच्या घरट्याखाली सापांच्या मणक्यांचा सडा पडलेला असतो.

याच गरुडाची घरटी मोजत चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली इथे आले होते. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, मादी अंडी घालून गेली की लोक ती उकरून नेतात. मग गावकऱ्यांशी बोलणं झालं आणि पहिल्याच हंगामात सुमारे ५० घरटी वाचली. यात गंमत अशी, की मादीचा वाळूतला माग कुणाला बरोबर ओळखता येतो? अंडी शोधायची सवय असलेल्यांनाच! तेच डोळे आता राखणीला लागले. पहाटे पुळण पालथी घालायची, अंडी उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, आणि साधारण ५० दिवस कोल्ह्या-कुत्र्यांपासून जपायची. हे ऐकायला सोपं वाटतं. रोज पहाटे उठून बघा!

कासवांना कुंपण घालता येतं. गरुडाचं काय? तो वर्षानुवर्षं त्याच उंच, जुन्या झाडावर घरटं बांधतो आणि ते झाड असतं कुणाच्या तरी आगरात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं तेव्हा या भागातल्या किती बागा आडव्या झाल्या! त्यातून उरलेलं झाड तोडलं तर चार पैसे येतात, हेही खरं.

दुपारी ज्यांच्याकडे कुळथाचं पिठलं आणि गरम भात जेवलो, त्या आजींच्या परसात असाच एक जुना आंबा आहे. "लाकूडवाला दोनदा येऊन गेला हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आधी वरच्या बिऱ्हाडाला विचारून ये."

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. आम्ही आंब्याखाली उभं राहून वर पाहिलं. पानांआड काटक्यांचा मोठा भारा दिसत होता. सध्या रिकामा. पावसाळा सरला की त्यात नव्या काटक्या पडू लागतील.