चार ओळींचा अर्ज

कोल्हापूर म्हटले की अंबाबाई, रंकाळा, तालमी आणि गूळ या चार गोष्टी कोणालाही आठवतात. पाचवी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या जिल्ह्यातील कितीतरी घरांत, देवघराच्या शेजारच्या भिंतीवर, खाकी वेषातल्या एखाद्या पुरुषाची तसबीर टांगलेली असते. शिरोळ तालुक्यातील टाकळीला तर लोक सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. मराठा लाईट इन्फन्ट्री ही १७६८ सालापासून आपली परंपरा सांगणारी रेजिमेंट. तिचे केंद्र बेळगावी आणि बेळगाव इथून फार दूर नव्हे. शेताचा तुकडा लहान आणि खाणारी तोंडे फार, अशा घरातला एखादा मुलगा मिसरूड फुटताच बेळगावची वाट धरी. पराक्रमाची हौस कोणाला नसेल असे नाही. पण पुष्कळांच्या मनात घरी दरमहा मनीऑर्डर जावी एवढीच गोष्ट असे.

असा एक मुलगा १९४० साली कृष्णाकाठच्या एका गावातून बेळगावास गेला होता. १९९३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात तो त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा होऊन कोल्हापुरातील एका सरकारी कचेरीच्या आवारात, वडाच्या पारावर, हातात कोरा कागद धरून बसला होता.

कचेरीचे आवार हे एक वेगळेच गाव असते. मुद्रांक विकणारे, टंकलेखन करणारे, अर्ज लिहून देणारे, आणि या साऱ्यांकडे आशेने पाहणारी खेड्यापाड्यांतली माणसे. म्हाताऱ्याची पाठ अजून ताठ होती. डोक्याला पांढरा पटका, अंगात धुवट सदरा, पायांत जाड कोल्हापुरी वहाणा. नेहमी ज्या अर्जनवीसाकडे तो जाई, त्याची जागा आज रिकामी होती. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तो नुसते पाही. कोणाला हाक मारावी, हे त्याचे ठरत नव्हते.

समोरच्या खिडकीशी रांग होती. तीत सातवीत शिकणारा एक मुलगा उभा होता. शाळेच्या फीमध्ये सवलत मिळण्यासाठी त्याला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवा होता. वडिलांना कारखान्यातून सुटी मिळेना, म्हणून कागद घेऊन तो एकटाच आला होता. दोन तास उभे राहिल्यावर त्याच्यापुढे आता तीनच माणसे उरली होती.

“बाळ, शाळंत जातोस न्हवं?” म्हाताऱ्याने विचारले. “चार वळी लिव्हून देशील का?”

मुलाने पुढच्या तीन पाठींकडे एकवार पाहिले. मग तो रांगेतून बाहेर आला. मागच्या माणसाने त्याची जागा लगेच भरून काढली.

पारावर बसून मुलाने दप्तरातले पेन काढले, तेव्हा त्याला कळले की अर्ज म्हाताऱ्याचा नव्हताच. म्हातारा अठरा वर्षे नोकरी करून घरी आलेला. त्याचे स्वतःचे निवृत्तिवेतन सुरळीत चालू होते. अर्ज लिहायचा होता तो त्याच्याच गावातील एका म्हातारीसाठी. तिचा नवरा आणि हा एकाच दिवशी भरती झाले होते. नवरा १९४१ साली लढाईत पडला आणि तेव्हापासून तिला सरकारकडून कुटुंब निवृत्तिवेतन मिळे.

असे वेतन घेणाऱ्याला दर वर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. ऐकताना हे चमत्कारिक वाटते, पण नियम बिनबुडाचा नाही. मेलेल्याच्या नावाने पैसे उचलणारे लोकही जगात असतात. २०१४ सालापासून बोटाचा ठसा यंत्रावर टेकवून हा दाखला देण्याची सोय झाली आहे. मात्र खुरप्याने आणि विळ्याने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या, त्यांचा ठसा यंत्राला पुष्कळदा ओळखता येत नाही. १९९३ साली ही यंत्रे नव्हती. म्हातारीला समक्ष यावे लागे. म्हातारा दर वर्षी तिला एस. टी. ने घेऊन येई, तिचा अंगठा उठवी, अंबाबाईचे दर्शन घडवी आणि दिवस मावळायच्या आत गावी पोचवी.

आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अंगण सारवताना म्हातारी घसरली आणि तिचा पाय मोडला. नोव्हेंबर तसाच गेला. पुढे पैसे येणे बंद झाले. ती कोणाला बोलली नाही. शेजारणीकडून पायलीभर जोंधळे उसने आण, कधी नुसत्या कण्या शिजव, असे तिने भाद्रपदापर्यंत रेटले. तिच्या चुलीला दोन दिवस धूर दिसला नाही, तेव्हा कुठे म्हाताऱ्याला सारे उमगले. कचेरीतल्या कारकुनाने त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतले होते. बाई का येऊ शकत नाही ते लिहून द्या, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवता येईल, असे त्याने सांगितले होते. अडले होते ते एवढ्या लिहिण्यापाशीच.

“आजोबा, तुम्हांला लिहिता येत नाही?” मुलाने विचारले.

“येतंय की. पर आपली अक्षरं न्हाईत येत.”

हे उत्तर मुलाला कोड्यासारखे वाटले. त्याचा उलगडा असा. म्हातारा लहानपणी शाळेत गेलाच नव्हता. त्याचे पहिले अक्षर पलटणीत गिरवले गेले. त्या काळच्या हिंदी लष्करात नाना प्रांतांचे आणि नाना भाषांचे शिपाई असत. सर्वांना एकच भाषा आणि एकच लिपी यावी म्हणून त्यांना हिंदुस्थानी भाषा शिकवीत आणि ती रोमन लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहायला लावीत. त्यामुळे गावाकडच्या मराठी पोराला इंग्रजी येत नसे, पण अक्षरे इंग्रजी येत. आणि मातृभाषा मराठी असूनही बाळबोध अक्षर वाचता येत नसे.

मुलाने कागदावर ‘माननीय साहेब’ असे लिहिले आणि तो सुरू झाला. शाळेत त्याचे निबंध वर्गात वाचून दाखवीत असत. भारतमातेच्या थोर सुपुत्राची वीरपत्नी आज विपन्नावस्थेत कशी दिवस कंठीत आहे, रणांगणावर सांडलेल्या रक्ताचे पाट कसे व्यर्थ जात आहेत, असा त्याने दीड पानभर मजकूर झरझर लिहून काढला. लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचू लागला. पहिल्याच वाक्याला म्हाताऱ्याने हात वर केला.

“मोठ्यानं नगं. आदी मनात वाच.”

“का?”

म्हातारा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने जे सांगितले ते सलग सांगितले नाही. मध्येच तो थांबे, पटक्याचे टोक नीट करी, पुन्हा बोलू लागे.

आफ्रिका खंडात, तांबड्या समुद्राच्या काठी, एरिट्रिया नावाचा प्रदेश आहे. तो त्या वेळी इटलीच्या ताब्यात होता. तिथे केरेन नावाचे गाव आहे. गावाभोवती उंच खडे डोंगर आणि त्यांमधून जाणारी एकच अरुंद खिंड. डोंगरांच्या माथ्यांवर इटलीचे सैन्य बसलेले. खालून वर चढायचे ते हिंदी आणि इंग्रज शिपायांनी. १९४१ सालच्या फेब्रुवारीपासून २७ मार्चपर्यंत, सुमारे सात आठवडे, ही लढाई चालली. मराठ्यांच्या दोन पलटणी तीत होत्या. झाडाची सावली नाही, ऊन असे की बंदुकीच्या नळीला हात लावू नये, आणि पाणी, दारूगोळा, अन्न, सारे माणसांनी पाठीवर घेऊन चढवायचे. जखमी झालेल्याला खाली आणायचे तेही माणसांनीच. मार्चच्या मध्यावर एका रात्रीच्या चढाईत म्हाताऱ्याचा सोबती पडला. त्याच्या शेवटच्या शब्दांविषयी म्हाताऱ्याने काही सांगितले नाही. एवढेच सांगितले, की जहाजावर दोघांनी एकमेकांना वचन दिले होते: जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या घरी पत्र लिहायचे.

त्याने पत्र लिहिले. त्याला येत होते त्या अक्षरांत, येत होते त्या भाषेत. ठिकाण लिहायला परवानगी नव्हती; पत्रे वरिष्ठांच्या नजरेखालून जात. सात ओळी लिहायला त्याला एक संध्याकाळ लागली.

पत्र गावी पोचले. इंग्रजी अक्षरे पाहून सरकारी कागद असावा असे वाटून लोकांनी ते गावच्या मास्तरांकडे नेले. नवऱ्याचे पत्र आले या आनंदात ती तेरा-चौदा वर्षांची मुलगी दाराआड उभी राहिली. मास्तरांना थोडे इंग्रजी येत होते. पण शब्द काही केल्या इंग्रजी लागेनात. त्यांनी ते दोनदा डोळ्यांखालून घातले. मग एकेक अक्षर जुळवून, कानाला कसे लागते ते पाहावे म्हणून, ते मोठ्याने वाचू लागले. दोन ओळी वाचून होईपर्यंत आपण हिंदुस्थानी बोलत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या ओळीला आले, तेव्हा शब्द तोंडातून निघून गेला होता आणि सगळ्यांनी ऐकला होता.

म्हाताऱ्याला हे कळले ते पुष्कळ पुढे, रजेवर घरी आल्यावर. मास्तरांनीच त्याला ते सांगितले.

वडावर कावळे ओरडत होते. मुलाने दीड पानाचा मजकूर सबंध मनात वाचला. मग त्याने दप्तरातून दुसरा कागद काढला.

“वीरपत्नी लिहू का?” त्याने विचारले.

“त्ये न्हाई. शिपायाची बायकू लिव्ह. तिला इचारलंस तर ती त्येच सांगंल.”

दुसरा अर्ज असा झाला: ‘माझे पती शिपाई होते. ते १९४१ साली लढाईत कामी आले. गेल्या दिवाळीत पाय मोडल्यामुळे मी अंथरुणावर आहे, समक्ष येऊ शकत नाही. तरी कोणी घरी येऊन मला पाहून जावे.’ नाव, गाव आणि क्रमांक यांखेरीज मजकूर काय तो एवढाच. खाली म्हाताऱ्याने ‘अर्ज आणून देणार’ म्हणून आपली सही रोमन लिपीत केली. प्रत्येक अक्षर सुटे आणि कवायतीच्या रांगेसारखे सरळ.

खिशातून त्याने एक पुरचुंडी काढली. तीत कापडात गुंडाळलेले एक पितळी रंगाचे पदक होते: सहा टोकांचा तारा, वर वाळूच्या रंगाची फीत आणि फितीवर तांबडा व निळे पट्टे. आफ्रिकेत लढलेल्या हजारो शिपायांना ते मिळालेले आहे. ते शौर्याचे नव्हे, हजेरीचे, असे म्हाताऱ्याने मुलाला बजावले. ते त्याचे स्वतःचे नव्हतेच; म्हातारीने पुरावा म्हणून बरोबर दिले होते. कारकुनाने अर्ज वाचला, पदकाकडे पाहिले आणि ते परत बांधून ठेवायला सांगितले. हा कागद पुरे आहे, असे तो म्हणाला. अर्जावर तारखेचा शिक्का बसला.

तोवर समोरची खिडकी बंद झाली होती. मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागणार होते. म्हाताऱ्याने बंद खिडकीकडे पाहिले, मुलाच्या हातातल्या कागदांकडे पाहिले, पण तो त्यावर काही बोलला नाही. त्याने मुलाकडून त्याचा पत्ता लिहून घेतला, तोही इंग्रजी अक्षरांत, आणि तो पदकाच्याच पुरचुंडीत ठेवला. मग तो एस. टी. स्टँडच्या रोखाने चालू लागला.

महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती. युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्य घरी परतली, आणि सेवेची पंधरा वर्षे न भरलेल्या शिपायांना सेवा-निवृत्तिवेतन नव्हते. जे परतले नाहीत त्यांपैकी केरेनला दहन झालेल्या शिपायांची नावे तिथल्या युद्धस्मशानातील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांची देखभाल नियमाने होते.

संक्रांतीच्या आसपास मुलाच्या घरी एक पोस्टकार्ड आले. अक्षरे इंग्रजी होती. आईने ते उलटसुलट करून पाहिले आणि कोणाचे म्हणून विचारले. मुलाने ते तिच्या हातातून घेतले, दाराशी जाऊन ओठ न हलवता शेवटपर्यंत वाचले, आणि मगच आत येऊन मोठ्याने वाचून दाखवले. शब्द निम्मे मराठी, निम्मे हिंदुस्थानी होते. साहेब घरी आले होते. म्हातारीला पाहून गेले. पैसे सुरू झाले, मागचेही एकदम मिळाले. पाय तसाच आहे. आणि खाली, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरांत, एक ओळ होती: तुझा दाखला मिळाला का, म्हातारी विचारते.