उजवीकडचा चोर

नगरला आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारची उपासना बाराला सुरू व्हायची आणि तीनला संपायची. क्रुसावरचे सात उद्गार, त्यांवर सात उपदेश, सात वेगवेगळे वक्ते. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि पुढच्या बाकावर ओळीने बसवलेली आम्ही पोरं. पाचवा उद्गार तहानेचा; तो येईपर्यंत आम्हालाही खरोखरच तहान लागलेली असायची. मला आवडायचा दुसरा, कारण त्यात चोर होता. शेजारच्या क्रुसावर टांगलेला तो माणूस येशूकडे सुटका मागत नाही, फक्त आपली आठवण ठेवावी एवढंच मागतो. आणि येशू त्याला त्याच दिवशी सुखलोकाचा वायदा करतो.

संडे स्कूलच्या भिंतीवरच्या चित्रात तो उजवीकडे होता. शुभवर्तमानात लूकने खरं तर पश्चात्ताप करणारा कोणत्या बाजूला होता हे सांगितलेलंच नाही. ती बाजू चित्रकारांनी दिली, आणि दिस्मास हे नाव परंपरेने. मत्तय आणि मार्क यांच्याकडे तर दोघेही चोर येशूची टिंगलच करतात. हे कळेपर्यंत मी कॉलेजात गेले होते आणि उजवीकडचा चोर मनात पक्का बसला होता.

लहानपणी मला तो भलताच नशीबवान वाटायचा. जन्मभर लुटालूट करायची आणि शेवटच्या तासाला एका वाक्यात खातं साफ! हे मी एकदा वडिलांना म्हणाले. ते कोर्टात शिरस्तेदार. निकालापेक्षा अंमलबजावणीवर त्यांचं लक्ष जास्त. चष्मा पुसत म्हणाले, "सुटला कुठे तो? संध्याकाळी पाय मोडले त्याचे. योहान वाच." मी वाचलं. खरंच, शिपाई येतात आणि दोन्ही चोरांचे पाय मोडतात. ज्याला थोड्या वेळापूर्वी सुखलोकाचं वचन मिळालं, त्याचेही. वडिलांना या गोष्टीतलं आणखी एक आवडायचं: आपल्याला झालेली शिक्षा रास्त आहे, हे तो चोर स्वतःच कबूल करतो. "असा आरोपी आमच्याकडे येत नाही," ते म्हणायचे.

पोपचं आम्हा प्रोटेस्टंटांच्या घरात फारसं कौतुक नसे. पण १९८३च्या नाताळानंतर वर्तमानपत्रात आलेला फोटो वडिलांनी कापून बायबलात ठेवला. रोमच्या रेबिब्बिया तुरुंगातली कोठडी, दोन साध्या खुर्च्या, आणि एकमेकांकडे झुकून बोलणारे दोघे: जॉन पॉल दुसरे आणि त्यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडणारा मेहमत अली आग्जा. क्षमा तर पोपनी गोळ्या लागल्यावर काही दिवसांतच जाहीर करून टाकली होती. आग्जाला इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली ती थेट २००० साली, आणि तेव्हाही तो घरी गेला नाही. तुर्कस्तानात एका संपादकाच्या खुनाची शिक्षा बाकी होती, तिथे त्याची रवानगी झाली. वडील असते तर समाधानाने मान हलवली असती.

मग १९९९. जानेवारीतल्या त्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, आणि त्या बारीपद्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात काम करत राहिल्या, २००४पर्यंत. क्षमा त्यांची होती, खटला सरकारचा. त्यांनी या दोन गोष्टींची कधी गल्लत केली नाही. मुख्य आरोपी दारासिंगला फाशीची शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली.

पण त्या वर्षी आमच्या व्यासपीठांना मोठा सोपा विषय मिळाला. जो उठेल तो ग्लॅडिसबाईंचं उदाहरण देऊन आम्हाला क्षमा करायला सांगू लागला. आमच्या मंडळीत एक मावशी होत्या. त्यांची लेक सासरी जळून गेली होती, आणि सासरचे पुराव्याअभावी सुटले होते. दुसऱ्या उद्गारावरचा उपदेश रंगात आला असताना त्या उठल्या, पदर सावरला आणि मधल्या वाटेने चालत्या झाल्या. बाहेर चिंचेखाली मला म्हणाल्या, "ग्लॅडिसबाईनं माफ केलं, ते तिनं. पाळकसाहेबाचं काय गेलंय?"

यावर मला आजवर उत्तर सापडलेलं नाही, आणि ते शोधायची गरजही वाटत नाही. ज्याचं गेलं, त्यालाच क्षमेचा अधिकार. आपण बाकीच्यांनी दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटत फिरणं म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्यातली गाय दान करणं. येशूने आपल्या वाट्याला दिलेलं काम वेगळं आहे आणि ते कमी शोभिवंत आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेला, तहानेला, उघडा, आजारी अशी यादी आहे आणि तिच्या शेवटी तुरुंगातला माणूस आहे. त्याला भेटायला जायचं, इतकंच. तो निर्दोष होता की गुन्हेगार, हे विचारलेलंच नाही.

राणी मारियांची हकीकत मला उशिरा कळली. केरळची ही सिस्टर मध्य प्रदेशात उदयनगरच्या बाजूला आदिवासी शेतमजुरांना सावकारांच्या कर्जातून सोडवत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, समंदरसिंग नावाच्या माणसाने तिला भोसकून मारलं. २००२च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास तिची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदरसिंगच्या हाताला राखी बांधली. माणसं इथे थांबतात, डोळे पुसतात. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: राखीनंतर त्याच्या सुटकेसाठी अर्ज-विनंत्या झाल्या, त्यावर तिच्या माणसांनी सह्या केल्या, आणि २००६मध्ये तो बाहेर आला. पुढे तो केरळात तिच्या आईला भेटायला गेला, तेव्हा म्हातारीने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं.

अर्जाची आठवण मला उगाच होत नाही. नाताळच्या आठवड्यात आमची मंडळी कारागृहात गाणी म्हणायला जाते. दारात मोबाइल जमा, हातावर शिक्का, पेटीचा भाता उघडून तपासणी. घरच्या करंज्या-शंकरपाळ्या आत चालत नाहीत, म्हणून साबण आणि टॉवेल. साबणाचे पैसे दरवर्षी त्याच मावशी द्यायच्या. मी काही बोलण्याआधीच बजावायच्या, "माफबिफ काय केलं नाय मी कुणाला. पण आंघोळीला साबण तर लागतोच की."

एका वर्षी गाणी संपल्यावर एक पोरगा माझ्याकडे आला. मला वाटलं प्रार्थना मागेल. तो म्हणाला, "बाई, जामीन झालाय माझा. जामीनदार मिळंल का?" कच्चा कैदी. आपल्याकडच्या तुरुंगांत दर चारांमागे जवळजवळ तीन जण असे, ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचाय. याचा जामीन मंजूर होऊन महिने लोटले होते, पण बाहेर सातबारा किंवा ऐपतीचा दाखला घेऊन उभं राहणारं कुणी नव्हतं. आम्ही गाणारे वीस-बावीस जण. कोर्टात सातबारा घेऊन गेले ते मंडळीतले एक निवृत्त तलाठी, एकटेच, आणि बायकोला न सांगता. ते पुढे घरी कळलं, तो वेगळा अध्याय आहे.

पोरगा तारखांना हजर राहिला. पुढे दोषी ठरला, शिक्षा भोगली, सुटला. चोरीच होती, दुकान फोडलं होतं. सुटल्यावर तलाठीकाकांनी त्याला देवळाच्या आवाराची झाडलोट मिळवून दिली. पहिल्या रविवारी तो मागच्या बाकावर बसला तेव्हा त्या बाकावरच्या पर्स अलगद मांडीवर आल्या. मी पाहिलं, त्यानेही पाहिलं असणार. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. आता खुर्च्या मांडतो, माइक लावतो, नाताळात चांदणी टांगायला वर चढतो.

गेल्या बैठकीत काकांनी सुचवलं की दानाची थैली फिरवणाऱ्यांत त्याचंही नाव घालावं. पंच कमिटीत एकदम शांतता. मग खजिनदार म्हणाले की तत्त्वतः विरोध नाही, पण लोक काय म्हणतील. काका म्हणाले, "बारा शिष्यांत थैली कुणाकडे होती, ते आठवा." यहूदाकडे होती, आणि तो तिच्यातून उचलायचा, असं योहानाने लिहून ठेवलंय.

"म्हणूनच म्हणतो!" खजिनदार म्हणाले. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.